गाडीवरचा भंडारा

हे मी बायकोलाही पूर्ण सांगितलेलं नाही. निम्मं तिला माहीत आहे, कारण त्या वेळी ती शेजारीच बसलेली होती. उरलेलं निम्मं — ते आजवर कुणापुढे काढलं नाही. तुमच्यापुढे का काढतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

मी शहरात, मुकुंदवाडीत राहतो, एका कंपनीत नोकरी करतो. मूळचे आम्ही मेंढरं राखणारे. माझी मोठी बहीण — आक्का — अजून गावीच असते, कन्नडच्या अंगाला. वडील गेले तेव्हा मी तिसरीत होतो, ती असेल बारा-तेरा वर्षांची. एकानं मेंढरांमागे जायचं होतं आणि एकाला शाळेत जाता येणार होतं. काठी तिनं उचलली. मी शिकलो तो तिच्या जिवावर, हे मला कुणी सांगायला नको. म्हणून तर पुढचं सांगणं जड जातंय.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी वेरूळचा हट्ट धरला. आमच्याकडे एक स्कूटर. मग मी दोन दिवसांसाठी गाडी भाड्यानं घेतली, आपली आपणच चालवायची तशी. बाहेरून पांढरी, आतल्या सीटाही पांढऱ्या. मी उगाचच कोपर खिडकीबाहेर काढून चालवत होतो, बायको हसली. लेणी झाली, घृष्णेश्वराचं दर्शन झालं, आणि मला लहर आली — इथवर आलोच आहोत तर आक्काकडे जाऊन येऊ. खरं सांगू? तिला भेटायची ओढ होतीच, पण गाडीतून उतरताना तिनं मला पाहावं, ही हौस त्याहून मोठी होती.

तिनं पाहिलं. कुणाची म्हणून विचारलंच नाही. बॉनेटवरून हात फिरवला आणि डोळ्याला पदर लावला. तेव्हाच बोलायला हवं होतं — ‘भाड्याची आहे’, एवढ्या एका वाक्याचं काम होतं. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी किल्ली बोटाभोवती फिरवत राहिलो. आक्का आत जाऊन देवापुढची भंडाऱ्याची पिशवी घेऊन आली आणि ‘येळकोट येळकोट’ म्हणत मुठीमुठीनं हळद उधळली — टपावर, चाकांवर, आणि दारं उघडून आतसुद्धा. आमच्याकडे भंडारा टाकताना कुणी हात आखडता घेत नाही.

परत येताना बायकोनं ओल्या रुमालानं सीट पुसली, तर डाग पसरला. घरी आल्यावर साबणाचं पाणी लावलं, तर हळद लालभडक झाली. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आमच्यासारख्यांनी विसरावं? पण विसरलो खरे. गाडी तशीच परत केली.

तिसऱ्या दिवशी मेसेज आला. सीटवर रक्ताचे डाग आहेत, खास सफाईचा खर्च तुमच्या डिपॉझिटमधून कापला आहे. माझं डोकंच फिरलं. रक्त? आमच्यापैकी कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. मी फोन केले, ईमेल पाठवले, ग्राहक मंचात खेचीन म्हणून दम भरला, आणि शेवटी अर्धी रजा टाकून त्यांच्या ऑफिसात जाऊन उभा राहिलो. माणूस खरं बोलत असला की आवाज कसा चढतो, नाही?

काउंटरवर पन्नाशीचा एक माणूस होता. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, मला मागे उभ्या असलेल्या गाडीपाशी नेलं, आणि कुठूनसं अर्धं लिंबू आणून डागावर पिळलं. डाग बघता बघता पिवळा झाला. रक्ताचा प्रश्न मिटला. मी जिंकलो होतो.

‘सर, भंडारा हाय हा,’ तो हळूच म्हणाला. ‘आमची आई बी टाकती. घरच्यांनी टाकला असं लिहितो, साध्या धुण्याचे तेवढे लागतील.’

तेवढे म्हणजे किरकोळच. खिशातून काढून दिले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. पण तेवढ्यात त्याचा साहेब एका कुटुंबाला गाड्या दाखवत तिथं आला. सीटकडे बघून, हे कुठल्या अडाण्यांचं काम, असं काहीतरी बोलला. ती माणसं हसली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

‘आमचं कुणी नव्हतं,’ मी म्हणालो. ‘रस्त्यात एक वेडसर बाई आडवी आली. तिनं बळंच टाकलं.’

काउंटरवाला माझ्याकडे बघत राहिला. माझ्या लायसनची प्रत त्याच्या हातात होती. आडनाव त्यानं वाचलेलं होतं. असंच लिहू का, त्यानं विचारलं. दोनदा विचारलं. तो मला वाट काढून देत होता, हे मला तेव्हाही कळत होतं — न कळायला मी काय लहान होतो? मी म्हणालो, लिहा. त्यानं लिहिलं: वेडसर बाई. त्याखाली मी सही केली. चूक आमची नाही असं ठरलं, सगळे पैसे परत मिळाले.

आणि इथंही मी थांबलो नाही. ती लिंबाची गोष्ट कंपनीत जेवणाच्या सुट्टीत कितीदा तरी रंगवून सांगितली. वेडसर बाईसकट. लोक पोट धरून हसायचे, आणि मीही हसायचो.

पुढच्या उन्हाळ्यात आक्काच्या डोळ्यांचं ऑपरेशन शहरात करायचं ठरलं. तिनं फोन केला — जन्मात कधी काही मागितलं नव्हतं तिनं, हे पहिलंच — की ऊन लई हाय, गाडी घेऊन येशील का. भाड्यानं घेऊन जाता आलं असतं. पण ती पुन्हा भंडारा टाकील, पुन्हा ते ऑफिस, पुन्हा तो माणूस... मी सांगून टाकलं, गाडी ठोकली, गॅरेजात पडून आहे. इतकं अलगद निघालं तोंडातून, की माझं मलाच नवल वाटलं.

ती एसटीनं आली, एकटी. स्टँडवर उतरताना पायरी दिसेना म्हणून दांड्याला धरून उभी राहिली होती. मी तिला रिक्षात बसवलं. रिक्षा मोठ्या रस्त्याला लागली. मग तिनं माझा हात ओढून घेतला आणि बोटांनी चाचपू लागली — मनगट, कोपर, खांदा, शेवटी कपाळ.

‘गाडी गेली तर जाऊ दे, नामा,’ ती म्हणाली. ‘तुला कुठं लागलं नाय ना?’

नाही, मी म्हणालो. तिला ते पटलं नसावं. तिनं दुसरा हात मागितला. मी तोही पुढे केला.