घंटेच्या दोराला हात लावू नका

माझ्या नणंदबाई एदुविखेस म्हणजे तिखटजाळ. दर रविवारी त्या पाहुण्यांना आमची वस्ती पायी फिरवून दाखवायच्या. आधी सांता रुफिनाचं जुनं चर्च, मग त्याला खेटून बांधलेलं काचेचं नवं सभागृह. "हे आजोबा भूकंपात हलले नाहीत," असं चर्चकडं बघून म्हणायच्या, "आणि ही नवी नवरी दर पावसात गळते!" शेवटी एकच ताकीद द्यायच्या, "कुठंही हात लावा, घंटेच्या दोराला लावू नका."

कारण आमच्याकडं प्रार्थनेची वेळ सोडून घंटा वाजली, की अर्थ एकच. चोर किंवा पोरं पळवणारा सापडलाय, हाताला येईल ते घेऊन धावा.

त्या रविवारी राजधानीतून फाब्रिसिओ नावाचा तरुण आर्किटेक्ट आला होता. वन्सं बाहेर सभागृहाची टिंगल करत होत्या, तेवढ्यात या शहाण्यानं घुमटात आवाज कसा फिरतो ते ऐकायला दोर खेचला. खेचतच राहिला.

मी चौकात तव्यावर तोर्तिया भाजत होते. बघता बघता चौक भरला. कोयते, लोखंडी सळया, कुणाच्या हातात पेट्रोलचा डबा. माझा नवरा निकानोर जेवणावरून उठून धावला, मोलेच्या काळपट रश्शानं माखलेल्या हातातच दगड घेऊन. आदल्याच आठवड्यात पलीकडच्या वस्तीतली एक मुलगी नाहीशी झालेली. कुणीतरी ओरडलं, "हाच तो! पिशवीत दोऱ्या आहेत!" मोजमापाच्या दोऱ्या होत्या त्या! पण ऐकतो कोण?

त्यांनी त्याला केसांना धरून पायऱ्यांवरून फरफटत खाली आणलं. सळईच्या पहिल्याच तडाख्यात जबडा मोडला. पोरगं "आई, आई" करत होतं. त्याच्या अंगावर पेट्रोल ओतलं.

"मेल्यांनो, माझा पाहुणा आहे तो! घंटा यानंच वाजवली, उगाच वाजवली!" वन्संचा घसा फुटला. एकानं त्यांच्या कमरेत लाथ घातली. त्या उठल्या, त्याच्या हाताला कडकडून चावल्या, आणि सरळ त्या पेट्रोलनं भिजलेल्या पोरावर पालथ्या पडल्या.

"आता लावा काडी!" मान वर करून ओरडल्या.

त्याच क्षणी दगड आला आणि त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला.

मी दगड फेकणारा हात पाहिला. त्यावर माझ्याच हातचा मोले होता. "आक्का!" म्हणून निकानोर किंचाळला, तशी गर्दी थबकली. काडीपेटी कुणाच्या हातात होती, ते नंतर कुणालाच आठवेना. भ्याड मेले!

पोरगं जगलं. वन्संचा डोळा गेला.

बऱ्या होऊन हिंडूफिरू लागल्या, तशा त्या एका रविवारी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता शिव्याशाप देतील. भावाला म्हणाल्या, "निका, टोपी घाल. रविवार आहे."

तेव्हापासून दर रविवारी तो त्यांच्यामागून फिरतो. चर्च झालं, सभागृह झालं, की वन्सं त्याला दोराजवळ उभा करतात. "हा माझा धाकटा भाऊ. माझा डोळा यानंच फोडला." पाहुण्यांची तोंडं पांढरीफटक पडतात. मग त्या त्याच्याकडं वळतात.

"सांग यांना. घंटा ऐकून धावत आलास, तेव्हा काय झालंय म्हणून कुणाला विचारलंस?"

निकानोर खाली बघत म्हणतो, "कुणालाच नाही, आक्का."