लाटण्यांची खंडेनवमी

नूतन भोईर बोलायला लागली की अंबरनाथ एमआयडीसीतले ट्रकवालेसुद्धा हॉर्न आवरतात, असं तिच्या कारखान्यात गमतीनं म्हणायचे. बाई बदलापूरच्या मांजर्लीची सून. अंगानं काडी, पदर कायम खोचलेला, आणि आवाज असा की मंडपवाल्यानं भोंगा गुंडाळून घरी जावं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा सासू वेणूबाई तिला धर्मेशशेठच्या पापडाच्या कारखान्यात घेऊन आली, शेजारी बसवलं आणि हातात आपलं लाटणं दिलं. त्या लाटण्यावरनं नूतननं पुढं संसार ओढला, सासूला शेवटचं पाणी पाजलं आणि हळूहळू लाटणाऱ्या बायांच्या हॉलची मुकादम झाली.

मुकादम झाली तरी माणुसकी सुटली नव्हती, हेही सांगायला हवं. एका वर्षी उल्हास नदी मांजर्लीत घुसली, नूतनच्या घरात कमरेएवढा चिखल साचला, तेव्हा हॉलमधल्या बाया कामाला दांडी मारून खराटे घेऊन तिच्या दारात हजर झाल्या होत्या. ते नूतन विसरली नव्हती. म्हणून शेठनं जेव्हा मशीनचा विषय काढला, तेव्हा तिच्या मनात आधी त्या बायांचाच विचार आला.

धर्मेशशेठ उल्हासनगरचे सिंधी. आजोबांनी निर्वासितांच्या कॅम्पात एका खोलीत मिरीचे पापड सुरू केले, नातवानं अंबरनाथला शेड घातली. शेठ माणूस वाईट नव्हता, पण सरळ बोलायचा. "देखो नूतनबाई," तो म्हणाला, "हातानं लाटून ऑर्डर पुरी होत नाही. मशीन आणतो. एक पण बाईला काढणार नाही, जबान देतो. पण दसऱ्यापर्यंत लाईन नीट चालली पाहिजे. नाही चालली तर मशीन वापीला, मेहुण्याकडे. आणि मग हा हॉल बंद."

म्हणजे सगळ्या बायांची चूल नूतनच्या हातात आली. तिनं घरोघरी जाऊन शब्द दिला, शिरगावपासून वांगणीपर्यंत. कुणाची भाकरी जाणार नाही, माझ्यावर सोडा, असं छातीवर हात ठेवून सांगितलं.

शेठनं तिला कल्याणच्या एका हॉटेलात ट्रेनिंगला पाठवलं. थंडगार एसी, पडद्यावर चित्रं, आणि शिकवायला भावेश नावाचा टाय लावलेला पोरगा. कारखान्यात बदल कसा घडवायचा, माणसं का बिचकतात, त्यांना बरोबर कसं न्यायचं, हे सगळं त्यानं सांगितलं. उगाच नावं कशाला ठेवा, पोरगा हुशार होता. एक गोष्ट तर त्यानं दोनदा सांगितली. जुनं संपतंय हे माणसाला मनापासून कळू द्या, त्याला निरोप देऊ द्या, मगच नव्याला हात घाला. नूतननं मान हलवली आणि त्यातलं स्वतःच्या सोयीचं तेवढं उचललं. जुनं संपवायचं, बस्स.

आता त्या हॉलमधली रीत सांगतो. तिथं लाटणं कारखान्याचं नसायचं. प्रत्येक बाई आपापलं लाटणं घरून आणायची, काम झालं की फडक्यात गुंडाळून आपल्या जागेवरच ठेवायची, आणि दुसरीच्या लाटण्याला कुणी बोट लावायची नाही. सासूनं काम सोडलं की तिचं लाटणं सुनेकडे यायचं, बसायची जागाही तिलाच मिळायची. खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात, शिंपी कात्री पुजतो, तशा या बाया लाटणी धुऊन, हळदीकुंकू लावून, पाटावर ओळीनं मांडायच्या. त्या दिवशी लाटण्याला सुट्टी असायची. दसऱ्याला सकाळी पहिला पापड त्याच लाटण्यानं लाटायचा.

पितृपक्षात मशीन येऊन बसलं. घटस्थापनेला सुरू करायचं ठरलं. आदल्या दिवशी नूतननं हॉल साफ करून घेतला. पोळपाट काढले, जमिनीवर पिवळे पट्टे मारून घेतले, आणि सगळी लाटणी फडक्यांतून काढून एका गोणीत भरून माळ्यावर टाकली. कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, असंच तिला वाटलं. त्याआधी मीटिंगा झाल्या होत्या, वडापाव झाला होता, सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पण मान तर नंदीबैलही डोलावतो.

मशीन मात्र खरोखर बघण्यासारखं होतं. एका तोंडानं पीठ खायचं आणि दुसऱ्या तोंडानं गोल गरगरीत पापड सरकत्या पट्ट्यावर सोडायचं, एकासारखा एक. बायांनी ते उचलायचे, निवडायचे, थप्पी लावायची. सोपं काम. तरी पापड मोडायचे, थप्प्या कलायच्या, पट्टा थांबवावा लागायचा. भांडण नाही, तक्रार नाही. कुणाची कंबर धरली, कुणाला चक्कर आली, कुणाचा पाहुणा आला. ज्या हॉलमध्ये गप्पांनी पत्रे उडायचे तिथं सगळ्या मूग गिळून गप्प. नूतन ओरडली, गोड बोलली, चांगलं काम करणारीला साडी जाहीर केली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. वांगणीची बनूबाई हॉलमधली सर्वांत जुनी, केस पांढरे, तिला सगळ्या मानायच्या. नूतननं तिलाच पकडून विचारलं, तर "हो गो बाय, करतंव ना" एवढं म्हणून तिनं हात पदराला पुसले. नूतनच्या नाकी नऊ आले. एकदा तर मोरीत जाऊन ती ढसाढसा रडली, कारण दसरा तोंडावर आला होता आणि आपण दिलेला शब्द आपल्याच डोळ्यांदेखत मोडत चालला होता.

खंडेनवमी उजाडली. नूतननं मशीन धुऊन घेतलं, झेंडूचा हार चढवला, नारळ मागवला. बाया ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. मशीनकडे कुणी वळलं नाही. एकेक बाई पूर्वी जिथं बसायची, नेमकी तिथं जाऊन बसली. पिवळ्या पट्ट्यांनी जागा पुसून टाकल्या होत्या, तरी एकीचीही चुकली नाही. मग प्रत्येकीनं समोरच्या रिकाम्या फरशीवर हळदीकुंकू वाहिलं, एकेक झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले.

नूतन खांबाला टेकून बघत राहिली. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. लाटणी नव्हती, तरी लाटण्यांची पूजा चालली होती, जणू ती तिथंच होती. देवळातसुद्धा तिला कधी असं वाटलं नव्हतं.

बनूबाईनं डोळे उघडले. "नूतन," ती शांतपणे म्हणाली, "मशीनवर आमचा राग नाय गो. आमचा हात तू कुठं ठेवलास, तेवढा सांग."

आपण उंटावरून शेळ्या हाकत होतो हे नूतनला तिथं उभ्या उभ्या कळलं. कल्याणचा तो टायवाला पोरगा दोनदा जे सांगत होता तेही आत्ता कळलं. तिनं शिडी लावली, स्वतः माळ्यावर चढली, गोणी पाठीवर घेऊन खाली आली आणि हॉलच्या मधोमध मोकळी केली. लाटणी खडखडत एकमेकांवर पडली. सगळी सारखी, पिवळट, गुळगुळीत. यातलं कुणाचं कुठलं हे आता कसं ओळखायचं, या विचारानं तिला घाम फुटला.

बाया उठल्या. कुणी वाकून निरखलं नाही, कुणी वाद घातला नाही. हात खाली जायचा, मूठ वळायची आणि बाई आपलं लाटणं घेऊन जागेवर जायची. शिरगावच्या श्रद्धानं तर शेजारणीशी बोलता बोलता उचललं, तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं लाटणं तिच्या आजेसासूचं होतं. नूतन वेड्यासारखी बघत राहिली. इतकी वर्षं या बायांवर ती मुकादमी करत होती, आणि या हातांना काय येतं हे तिनं आज पहिल्यांदा पाहिलं.

शेवटी गोणीवर एकच लाटणं उरलं. कुणाचं राहिलं म्हणून तिनं सगळीकडे नजर फिरवली. सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या. बनूबाई उठली, लाटणं उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"वेणूचं हाय," ती म्हणाली. "तुझं."

नूतन मटकन खाली बसली आणि रडली, चारचौघींत, मोठ्यानं. कुणी तिला गप्प केलं नाही. तिच्यासमोरही एकीनं फूल ठेवलं.

पूजा झाल्यावर तिनं सगळ्यांची माफी मागितली आणि विचारलं, मशीनचं काय करायचं. बनूबाई म्हणाली, नवी सून घरात आली तर सासूला कुणी हाकलतं का, सासूच सुनेला घर दाखवते. मग बायांनीच मशीनची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं साग्रसंगीत. पट्ट्याजवळ कोण कुठं उभी राहणार हे नूतननं आधी उंचीवरून ठरवलं होतं, ते तिनं मोडलं. ज्या जशा शेजारी शेजारी बसायच्या तशाच उभ्या राहिल्या, आणि प्रत्येकीचं लाटणं तिच्यासमोर फळीवर राहिलं.

दसऱ्याला शेठ आपट्याची पानं घेऊन आला, तोंड गंभीर करून. मशीन सुरू करायला नूतन बटणाकडे गेली, तर बनूबाईनं हात धरला. पहिला पापड लाटण्याचा, ही रीत होती. आणि या वर्षी तो नूतननं लाटायचा, असं बायांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. नूतन फरशीवर बसली. सासूचं लाटणं हातात घेतलं. कैक वर्षांत लाटलं नव्हतं, त्यामुळे पापड झाला तो ठाणे जिल्ह्याच्या नकाशासारखा. हॉल हसून हसून लोळला. कितीतरी दिवसांनी पत्रे हादरले.

बनूबाईनं तो वेडावाकडा पापड पट्ट्यावर ठेवला आणि बटण दाबलं. त्याच्यामागून गोल पापड निघाले, हात चालू लागले, गप्पा चालू लागल्या. दुपारपर्यंत पट्टा एकदाही थांबला नाही. शेठ बराच वेळ बघत उभा होता. मग त्यानं बाहेर जाऊन मेहुण्याला फोन लावला. सिंधीत काय बोलला ते कुणाला कळलं नाही, पण 'वापी' आणि 'ना' एवढे दोन शब्द सगळ्यांनी ऐकले.

जेवणाच्या सुट्टीत नूतनचा पापड भाजला. प्रत्येकीच्या वाट्याला नखाएवढा तुकडा आला. शेठनंही हात पुढे केला, तेव्हा बनूबाईनं त्याला रांगेत मागं उभं केलं.