चंद्रकलाबाईंचा तोंडावरचा कायदा

चंद्रकला घोडके, धंदा शिवणकाम, राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी. त्यांचे बंधू दत्तू, लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा व गावातली केबल चालवणारे. साक्षीदार मी स्वतः, गाव तेच, पाथर्डीच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहिणारा. शिक्षण सातवीपर्यंत; परंतु माझ्या टेबलावरून गेलेला अर्ज सहसा रिकाम्या हाताने परत येत नाही. पुढील हकीकत मी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

आठवडी बाजाराच्या संध्याकाळी दत्तूच्या केबलवर बाईंची कॅसेट लागे. गावातल्याच माणसांच्या नकला असत. मात्र बाईंचा कायदा कडक होता. ज्याची नक्कल, त्याच्या तोंडावरच ती करायची. तो हसला तर नक्कल केबलवर जाई. न हसला तर टेप जागेवर पुसली जाई.

एके दिवशी बाई माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. मागे कॅमेरा घेऊन दत्तू.

"तात्या, तुमचं बसवलंय. बगता का?"

मी अब्रुनुकसानीच्या नोटिशीची समज दिली.

"द्या की! आदी बगा तर खरं."

त्यांनी पदर खोचला, नाकावर नसलेला चष्मा वर सारला आणि समोर नसलेल्या पक्षकाराला माझ्या आवाजात दटावले, "रडू नका. स्टॅम्प भिजतो." भोवतालचे लोक खदखदले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी पुष्कळ आवरले, पण आवरेना.

"हसले! दत्तू, ठिव रं."

बाईंची सर्वांत गाजलेली नक्कल जिजाबाईंची. ही म्हातारी शेताच्या बांधाशी एसटी थांबवावी म्हणून कंडक्टरशी भांडत असे. ती कॅसेट कोणा पाहुण्यामार्फत मुंबईला टीव्हीवाल्यांपर्यंत पोहोचली आणि बाईंना बोलावणे आले. बाई मला म्हणाल्या, "मशीनवर वाकून पाठ गेली, तात्या. एकदा आख्ख्या महाराष्ट्राला हसवलं की सुटले. तुमी चला संगं." मी गेलो.

निघण्याआधी त्यांनी जिजाबाईंना विचारले. म्हातारी म्हणाली, "गावात दाव, बाई. म्हमईत नगं. तिथं माझी बाजू घ्यायला कोन हाय?"

मुंबईत स्टुडिओच्या साहेबांना नेमकी तीच नक्कल हवी होती. बाईंनी नकार दिला.

"अहो, इथं तिला ओळखतं कोण?"

"म्हनूनच, सायेब."

"मग काय करणार? कसं वाटतं तुम्हाला? नको, सांगू नका, मला कळलं."

साहेब सकाळपासून प्रत्येकाला हेच विचारत होते आणि उत्तर ऐकत नव्हते. बाई म्हणाल्या, "मंग तुमचंच करते. तुमी म्होरंच हायेत."

कॅमेरा सुरू झाला. बाईंनी मान तिरपी केली, बोट उगारले आणि मला विचारले, "कसं वाटतं तुम्हाला?" मी तोंड उघडताच म्हणाल्या, "नको, सांगू नका, मला कळलं." मग हेच दिवे लावणाऱ्याला, मग खुर्चीला, मग बंद दाराला. कॅमेरावाला पोट धरून खाली बसला. मी आयुष्यात इतकी अस्सल नक्कल पाहिलेली नाही. साहेबांच्या चेहऱ्यावरची रेष मात्र हलली नाही.

"घेऊ आपण हे," ते कोरडेपणाने म्हणाले. "लोक हसतील."

मी मनात हुश्श केले. बाईंनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिले आणि कॅमेरावाल्याला म्हणाल्या, "सायेब हसले न्हाईत. पुसा, दादा."

"बाई, अहो, साहेब स्वतः हो म्हणतायत!" कॅमेरावाला म्हणाला.

"व्हय म्हनले. हसले न्हाईत."

मी त्यांना बाजूला घेऊन वास्तव समजावले. त्या म्हणाल्या, "तात्या, गावात एका म्हातारीचं मन राखायचं आन् हितं टीव्हीसाठी कायदा सोडायचा, हे कसं?" टेप त्यांच्यासमोर पुसली गेली. परतीच्या एसटीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

बाई आजही ब्लाऊज शिवतात, आणि बाजारच्या दिवशी केबलवर दिसतात. कायदा तोच आहे. त्यांच्याइतका काटेकोर माणूस मी कचेरीच्या आत वा बाहेर पाहिलेला नाही.

सबब त्या साहेबांना, नाव न घेता, विनंती की, आपण त्या दिवसानंतर ती नक्कल आठवून एकदा जरी, घरी, एकटे असताना हसला असाल, तर तसे लेखी कळवावे. बाई पुन्हा यायला तयार आहेत. उत्तराची वाट पाहत आहे.