औशाचं कोर्ट आणि दुपारचं नाटक

नांदेडहून औशाला जायचं तर मी सकाळी सहाला निघतो. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, मग औसा. वीस-बावीस वर्षं हा रस्ता करतोय आणि या रस्त्याबद्दल मला कधीही प्रेम वाटलेलं नाही. प्रवासावर हळवं होऊन लिहिणारे बहुधा मागच्या सीटवर बसलेले असतात. मी गाडी चालवतो. मला पुढे उसाची ट्रॉली दिसते. तिला मागे दिवा नसतो. प्रत्येक गावाच्या तोंडाशी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक; ज्याचा वाढदिवस त्याने काळा चष्मा लावलेला, आणि खाली तीस-चाळीस शुभेच्छुकांची डोकी ओळीत चिकटवलेली. अहमदपूरला एका हॉटेलात पोहे चांगले मिळतात असं सगळे वकील सांगतात. मिळत नाहीत. वकिलांना चवीतलं काही कळतं ही निव्वळ अफवा आहे.

तालुक्याच्या कोर्टात पोचलो की बाररूम. कंधार घ्या, औसा घ्या, तेच. गुडघ्यावर चकाकणारी काळी पँट घातलेले सात-आठ जण चहा पीत मोबाइलवर क्रिकेट बघत असतात, आणि मी आत गेलो की "या, नांदेडवाले साहेब" म्हणून खुर्ची सरकवतात. त्या साहेबात आदर किती आणि टोमणा किती, हे मला माहीत आहे. मीही त्यांना मनात जे म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शौक म्हणाल तर एकच, नाटक. नांदेडला किंवा लातूरला पुण्या-मुंबईचं नाटक आलं की मी जातो आणि दर वेळी चिडून परत येतो. मालिकेतला नट स्टेजवर आला की पब्लिक टाळ्या पिटतं. त्याने अजून तोंडही उघडलेलं नसतं. मग तो मधेच लातूरच्या पाण्यावर एक विनोद करतो. आदल्या दिवशी सोलापुरात सोलापूरच्या चादरीवर केलेला असतो. पब्लिक खूश. माझी बायको सरकारी कचेरीतून निवृत्त झाली आहे, ती सोबत येते. तिला सगळीच नाटकं आवडतात. "बरं होतं की हो," म्हणते, आणि मी परतीच्या वाटेवर लोह्यापर्यंत ते नाटक का भिकार होतं ते समजावून सांगतो.

औशाजवळच्या एका खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाचा वाटणीचा दावा माझ्याकडे होता. तीन भाऊ. धाकटा वारला. त्याची बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिने नवऱ्याच्या हिश्शाची जमीन मागितली. थोरले दोन दीर देईनात. मी दिरांचा वकील. दोघांनी पहिल्याच भेटीत मला सांगितलं होतं, "साहेब, जिंकून दिलं न्हाई तरी चालंल, लांबवून द्या." लांबवणं मला येतं. साडेपाच वर्षं लांबवलं.

त्या बाई दर तारखेला यायच्या. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसून मुलांच्या वह्या तपासायच्या. हे मी आज सांगतोय. तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं. समोरच्या पक्षकाराकडे बघायचं नसतं, त्याच्या वकिलाकडे बघायचं असतं, आणि त्यांचा वकील बघण्यासारखा नव्हता.

एका तारखेला त्या बाईंची साक्ष होती आणि मला उलटतपासणी घ्यायची होती. त्याच दिवशी लातूरला दुपारचं नाटक होतं. तिकिटं काढलेली होती. बायकोला लातूरला तिच्या मावसबहिणीकडे सोडलं आणि औशाला जाऊन मुदतीचा अर्ज दिला. कारण लिहिलं की पत्नीला लातूरला दवाखान्यात भरती केलं आहे, दुपारी ऑपरेशन आहे. न्यायाधीश नव्यानेच आले होते, तरुण होते. त्यांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अहो, मग तुम्ही स्वतः कशाला आलात? फोन करायचा कुणाला तरी. निघा लगेच."

तिसऱ्या घंटेच्या आधी मी खुर्चीत होतो. नाटक टाकाऊ होतं. मध्यंतरात बाहेर उभं राहून आम्ही बटाटेवडा खाल्ला. घरी पोचेपर्यंत अर्जातलं ऑपरेशन मी विसरूनही गेलो होतो. असे अर्ज लक्षात ठेवत बसलो तर वकिली व्हायची नाही.

वर्षभराने लातूरच्या एका हौशी मंडळाचा फोन आला. त्यांची एकांकिका स्पर्धा होती, पुण्याहून येणाऱ्या नटाने ऐन वेळी पाठ दाखवली होती, परीक्षक म्हणून येता का? मी आढेवेढे घेतले, जेवढे शोभतील तेवढे, आणि हो म्हणालो. रविवारी सकाळी बायकोला घेऊन गेलो. स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. स्टेजच्या मागे आदल्या दिवशीच्या लग्नातली 'शुभविवाह' ही थर्माकोलची अक्षरं अर्धीच काढलेली. दुसरे परीक्षक एक निवृत्त प्राध्यापक होते, ते प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. नाटक सुरू व्हायच्या आधीसुद्धा.

जेवणापर्यंत पाच एकांकिका झाल्या. त्यातल्या तिनांच्या शेवटी कुणीतरी फास लावून घेतला. एकीत आई होती, ती वीस मिनिटं खोकली. आणि एकीत वेडा होता. वेडा माणूस खरं बोलतो हा शोध मराठवाड्यात दर वर्षी नव्याने लागतो. मी शंभरपैकी चाळीसच्या वर कुणाला जाऊ दिलं नाही.

जेवणानंतर औशाच्या शिक्षकांचा एक संघ आला. पडदा वर गेला तर स्टेजवर एक लाकडी बाक, बाकी काही नाही. एक बाई येऊन बसल्या आणि पिशवीतून वह्या काढून तपासू लागल्या. मी कागदावर लिहिलं, 'नेपथ्य नाही.' मग विंगेतून पुकारा झाला, बाई उठल्या. आतून एका वकिलाचा आवाज आला, "पक्षकार आजारी आहेत, मुदत मिळावी." बाई पुन्हा बसल्या. पुन्हा पुकारा. "नक्कल मिळालेली नाही, मुदत मिळावी." विंगेच्या तोंडाशी उभा वकील प्रेक्षकांना पाठमोराच दिसत होता, काळ्या कोटातल्या त्या पाठीचं काम एका शिक्षिकेनेच केलं होतं, आणि ती प्रत्येक वाक्याआधी घसा दोनदा साफ करायची. प्रेक्षक दुसऱ्या खाकरण्यालाच हसायला लागले. मी तसा घसा साफ करतो. तोपर्यंत मला ते माहीत नव्हतं.

बाकावरच्या बाईंना मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. पंचेचाळिशीच्या, चष्मा, अंबाडा. माझ्या दाव्यातल्या वादी. मी तिथेच उठून आयोजकांना सांगायला हवं होतं की माझा आणि यांचा खटला चालू आहे, मला यांना गुण देता येणार नाहीत. मी उठलो नाही. उठलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं की ती पाठ कुणाची.

चौथा पुकारा झाला. घसा साफ झाला, दोनदा. "पत्नीचं ऑपरेशन आहे, मुदत मिळावी."

माझी बायको माझ्या मागच्या रांगेत होती. ती अजून सगळ्यांबरोबर हसत होती.

स्टेजवरच्या बाई हळहळल्या. "बिचाऱ्याची बायको दवाखान्यात हाय आणि मी उगंच त्याला शिव्या देत बसले," असं स्वतःशीच म्हणाल्या. शाळेतून रजा घेतलेली, दिवस मोकळा, म्हणून लातूरला बहिणीकडे गेल्या. बहीण म्हणाली, चल, नाटकाला जाऊ. आणि मध्यंतरात वड्याच्या गाडीपाशी तीच काळी पाठ, शेजारी एक बाई, हातात वडा, ठणठणीत. ती बाई म्हणते, "अहो, चटणीत मीठच नाही की."

सभागृह हसून फुटलं. माझ्या मागचं हसणं मात्र थांबलं. तिने पुढे वाकून अगदी शांतपणे विचारलं, "माझं कधी झालं होतं हो ऑपरेशन?"

"नंतर बोलू."

"नाही, कशाचं होतं तेवढं सांगा."

मी कागदावर गुण मांडू लागलो. अर्जात मी गर्भाशयाचं लिहिलं होतं.

संध्याकाळी निकालाआधी परीक्षकांनी मार्गदर्शन करायचं होतं. मी माइक घेतला. औशाच्या एकांकिकेबद्दल मी म्हणालो की प्रयत्न प्रामाणिक आहे, पण अभ्यास कमी पडतो. न्यायालयाचं कामकाज असं चालत नाही, लेखिकेने आधी माहिती घ्यायला हवी होती. हे बोलताना मला माझी लाज वाटली नाही. चीड आली होती, आणि चीड आली की मी चांगला बोलतो.

त्या बाई खाली उभ्या होत्या. आयोजकांनी त्यांना विचारलं, काही बोलायचंय का. त्या म्हणाल्या, "सरांचं बरोबर असंल. आतलं मला काही दिसलं न्हाई. मी बाहेरच बसून असायचे."

एवढंच. ओरडल्या असत्या, माझं नाव घेतलं असतं, तर मला उत्तर देता आलं असतं. प्राध्यापक डोळे पुसत होते. त्यांना मात्र मी अजून माफ केलेलं नाही. त्यांच्या गुणांमुळे ती एकांकिका दुसरी आली. मी एकतीस दिले होते.

बक्षिसं वाटून झाल्यावर माझी बायको गर्दीतून त्या बाईंपर्यंत गेली. मला वाटलं आता तमाशा होणार. तिने त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "चटणीत खरंच मीठ नव्हतं हो." दोघी हसल्या. मग माझी बायको म्हणाली, "मला माहीत नव्हतं. खरंच." बाई म्हणाल्या, "ते दिसलं मला त्याच दिवशी. तुमच्या तोंडावरून."

परत येताना बायको मागच्या सीटवर बसली. चाकूर मागे पडलं. मग मी म्हणालो, "धंद्यात हे चालतं. सगळेच करतात."

"मग तुमच्या आईला ठेवायचं दवाखान्यात."

"आई वारली ना."

"कोर्टात किती वेळा वारल्या?"

"दोनदा," मी म्हणालो. खोटं बोललो. तीनदा.

त्यानंतर औशाच्या पुढच्या तारखेला मी मुदत मागितली नाही. हे चांगुलपणाने केलं असं कुणी समजू नये. न्यायाधीश तेच होते, बाकावर त्या बाई होत्या, आणि घसा साफ करायचीही मला चोरी झाली होती. उलटतपासणी घेतली. दीड तास त्यांना हरतऱ्हेने विचारलं. त्यांनी शाळेत हजेरी घ्यावी तशी एकेक उत्तर दिलं. मुदती बंद झाल्यावर दाव्यात माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं, कारण तो मुदतींवरच उभा होता. सात महिन्यांत निकाल लागला, बाईंना त्यांचा हिस्सा मिळाला. दीर म्हणाले, "साहेब, तुम्ही फितूर झालात." त्यांनी फाइल उचलून लातूरच्या दुसऱ्या वकिलाकडे नेली. तो वरच्या कोर्टात आता लांबवतोय. चांगलं लांबवतो, असं ऐकतो.

ती एकांकिका पुढे नांदेडलाही झाली. मी गेलो नाही. नाटक म्हणून ती सामान्यच होती, हे माझं मत कायम आहे: नेपथ्य नाही, शेवट ढिला. बायको मात्र गेली, पहिल्या रांगेत बसली. आता ती नाटकांना त्या बाईंच्या गटाबरोबर जाते, एसटीने, कधी लातूर, कधी औसा. घरी आली की मी विचारतो, "कसं होतं?" ती चप्पल काढत म्हणते, "बरं होतं," आणि आत जाते. का बरं होतं ते ती सांगत नाही, आणि का बरं नसणार हे सांगायला मला आता गाडीत कुणी नसतं.