पडदा बदलला की झालं

पवनीच्या बाजारचौकात एका ऑनलाइन कामाच्या दुकानात मी चार वर्षं होते. सरकारी केंद्रावरच्या धान विक्रीच्या नोंदणीचे दिवस आले की दारात चपलांचा ढीग लागायचा. नाव, सातबारा, बँकेचं पासबुक, सगळं भरून बटण दाबायचं आणि गोल फिरणारं चक्र बघत बसायचं. त्या बसण्याला कंटाळून मी एक स्क्रिप्ट, म्हणजे एकामागून एक नावं आपोआप भरणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिली.

स्क्रिप्ट साधी होती. पडद्याच्या एका चौकोनावर ती लक्ष ठेवायची. तिथे काही बदललं की ऑब्झर्व्हर, म्हणजे तिचा पहारा देणारा भाग, जागा व्हायचा आणि यादीत "झाले" लिहून पुढचं नाव घ्यायचा. बदल झाला एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मला कळत होतं. म्हणून चौकोनात हिरवी खूण दिसते का, हे तपासणाऱ्या पाच ओळी मी घातल्या होत्या. खूण नसेल तर स्क्रिप्ट थांबायची आणि टुंग वाजायचं.

ते टुंग मालकाला सहन होईना.

"हे घडीघडी काहून थांबून राहिलं? बदल दिसला का पुढं जाऊ दे ना. बाहेर लाइन पाह्य."

मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्या पाच ओळी काढल्या. त्याने नाही, मीच काढल्या. आजही त्याच्यावर चिडायला बसले की आधी हेच आठवतं.

त्या दिवशी तेवीस नावं लावून मी डबा खायला गेले. परत आले तर यादीत सगळ्यांपुढे "झाले" लिहिलेलं. मालकाने दुकानाचा शिक्का मारून प्रत्येकाला चिठ्ठी दिली. खरी पावती मागाहून छापू म्हणाला.

पंधराएक दिवसांनी गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलेली, नव्या वसाहतीत राहणारी एक बाई आली. साठीच्या पुढची. चिठ्ठी टेबलावर आपटून म्हणाली, "खरेदी केंद्रावाला म्हन्ते मायं नावच नाही. मंग हा कागद कायचा देल्ला तुमी?"

मी शोधलं. नाव नव्हतं. स्क्रिप्ट प्रत्येक बदलाच्या वेळी पडद्याचा फोटो ठेवायची, तो फोल्डर उघडला. पहिल्या नऊ फोटोंत हिरवी खूण. दहाव्यापासून लाल पट्टी: सत्र संपले, पुन्हा लॉगिन करा. त्याच चौकोनात लाल पट्टी येत होती, जात होती. माझ्या ऑब्झर्व्हरला तो बदलच होता. चौदा माणसं तशीच "झाली".

मालक माझ्या खांद्यावरून पाहत होता. हळूच म्हणाला, "सर्व्हर डाऊन होता म्हणून सांगून दे. कोणाले समजते?"

ती बाई समोर उभी, पदराने घाम पुसत, आणि हा माणूस तिच्यादेखत मला खोटं शिकवत होता!

"सर्व्हर डाऊन नव्हता, मावशी," मी मोठ्याने म्हटलं. "चूक आमची आहे. मशीन चुकत होतं आणि आम्ही पाहिलं नाही."

"काहून नाही पाह्यलं?" तिने विचारलं.

मालक ओरडला, "धंदा बसवतेस का माहा?" मी उलट ओरडले, "बसू द्या!"

नोंदणीची मुदत संपायला दोन दिवस होते. मी स्क्रिप्ट बंद केली आणि चौदाही नावं हाताने भरायला बसले. पहिलं त्या मावशीचं. दोघांचे सातबारे नीट वाचता येत नव्हते, तर स्कूटी काढून त्यांच्या गावी गेले. तेरा नोंदी झाल्या.

चौदाव्याला फोन केला तर तो म्हणाला, "आता कायले? नाव नाही म्हनून परतवलं मले. इकून टाकला ना धान व्यापाऱ्याले पडेल भावात." मी घरी जाऊन माफी मागितली. त्याने बसायला खाट दिली. त्याची बायको मात्र आतूनच म्हणाली, "तिले म्हना, जा म्हनावं." मी गेले. तिचं काही चुकलं नव्हतं.

मालक माफी मागायला कुणाकडेच गेला नाही. महिनाअखेरीस मी काम सोडलं.

आता तहसीलजवळ माझं स्वतःचं टेबल आहे. स्क्रिप्ट वापरते, पण खूण दिसल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. यंदा तो चौदावा माणूस कागद घेऊन आला. "तूच भर," म्हणाला, "पन मी इथंच बसतो." खुर्ची ओढून तो पडद्यासमोर बसला. हिरवी खूण आली, छापील पावती हातात पडली, त्याने ती दोनदा वाचली आणि मगच उठला. मला राग आला. त्याचा नाही. त्याला असं बसायला आम्ही लावलं होतं, त्याचा.