सात बायकांची होडी

माझा स्वभाव तापट. लग्न ठरलं तेव्हा आईनं मला बजावून सांगितलं होतं, सासऱ्यांसमोर तोंड उघडू नकोस, आणि सासूसमोर तर मुळीच नको. माझं माहेर वेसाव्याचं आणि सासर खाडीच्या पलीकडे, मढच्या बाजूला. मध्ये एवढीशी खाडी. माहेरच्या धक्क्यावर कुणी जोरात शिवी हासडली तर सासरी ऐकू यायची. पण आमचं म्हावरं विकलं जायचं अंधेरीच्या बाजारात, आणि अंधेरी गाठायची तर आधी ती खाडी ओलांडायची. वेसाव्याला उतरलं की पुढे डोक्यावर पाटी घेऊन चालत, टांगेवाल्यानं घेतलंच तर टांग्यातून. देशाला स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा.

खाडी ओलांडायला गावकीची एक जुनी होडी होती. गावकी म्हणजे आमच्या कोळीवाड्याची पंचमंडळी, आणि त्यांचे पाटील माझे सासरे. रोज पहाटे आम्ही सात जणी त्या होडीत पाट्या ठेवायचो, सहा जणी वल्ह्यांवर बसायचो आणि माझी सासू मागं सुकाणू धरायची. पुरुषांच्या होड्या भरतीला सुटायच्या आणि भरतीलाच परत लागायच्या, तांडेल सांगेल तेव्हा. आम्हाला कसली भरती नि कसली ओहोटी! उजाडता उजाडता बाजार भरायचा, त्या वेळी पाणी असेल तसं. चढतं असो, उतरतं असो, पाट्या वेळेवर पोचल्या पाहिजेत. पहिल्या वर्षी माझ्या तळहातांची सालटी निघाली. सासूनं त्यांना खोबरेल लावलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वल्ह्यावर बसवलं.

त्या वर्षी आषाढात सासरे घरी आले आणि पाटावर बसता बसता म्हणाले, "जुनी होडी फोडायची ठरलं. लाकूड देवळाच्या मांडवाला लागंल."

सासू भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"का फोडायची?"

"म्हातारी झाली ती."

"मग मलाबी फोडा," सासू म्हणाली.

सासऱ्यांना हसू आलं नाही. फळी सुटत आलीय, उद्या बुडालात तर गावकीला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि भाड्याची नाव आहेच की, तिच्यातून जात जा, असं त्यांनी समजावलं. आता ही नाव, आमच्याकडे तिला तर म्हणतात, काय चीज होती ते ऐका. तरवाला सूर्य वर आल्याशिवाय दोरी सोडायचा नाही. आधी सगळे उतारू बसवायचा, मग जागा उरली तर आमच्या पाट्या, त्याही नाक मुरडत. तरीतून गेलं तर अंधेरीला पोचेपर्यंत गिऱ्हाईक घरी जाऊन जेवायला बसलेलं असायचं. सात घरं त्या बाजारावर चालत होती. दोन तर अशी, की ज्यांत मिळवता पुरुषच नव्हता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि आईचं सांगणं विसरून मी बोलले, "ऊन चढल्यावर नेलेलं म्हावरं मांजर तरी हुंगंल का, बाबा?"

 सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू चुलीवरचं तवलंच बोललं. मला वाटलं, आता सासू माझी खरडपट्टी काढणार. पण तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि सरळ नवऱ्याला सांगितलं, "होडी चालते का नाय ते पुनवेला बघा. शर्यतीत आम्ही उतरतो."

नारळी पुनवेला आमच्या गावात चार आळ्यांच्या चार होड्यांची शर्यत लागायची. बायका कधी उतरलेल्या नव्हत्या. सासरे हसले ते ठसका लागेपर्यंत हसले. पंचांना जाऊन सांगितलं, तेही हसले. आणि त्या हसण्याच्या भरात सासऱ्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, "पहिल्या या. आलात तर होडी राहील. नाय आलात तर दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड."

पहिल्या! दुसऱ्या-तिसऱ्याही नाही. चार होड्यांत चोवीस धट्टेकट्टे पुरुष, आणि त्यांतल्या खालच्या आळीच्या होडीत पुढच्या वल्ह्यावर खुद्द माझा नवरा. तो तर रोज दात काढायचा. "अगो, शर्यतीत पाट्या पण घेऊन या. वाटेत गिऱ्हाईक भेटंल." मी त्याला दोन दिवस नुसता कालवणाचा रस्सा वाढला, तुकडा नाही. तरी हसायचा मेला.

आम्ही फळी ठोकून घेतली, फटींत कापूस नि राळ भरली. बाकी तयारी काय करणार? वल्हवत तर रोजच होतो.

पुनव उजाडली. आकाश भरलेलं, पण पाऊस थांबलेला. पुरुषांच्या होड्यांना केळीचे खांब, पताका, झेंडूच्या माळा. आमच्या होडीला सासूनं हळदीकुंकू लावलं आणि एक हार घातला, बस्स. शर्यतीचा रिवाज असा होता, की भर भरतीला, पाणी उभं, म्हणजे ना चढतं ना उतरतं, असताना खाडीला नारळ द्यायचा आणि लगेच होड्या सोडायच्या. पुनवेची भरती दुपारी बाराच्या सुमाराला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आमच्या धक्क्यावरून निघायचं, समोर वेसाव्याच्या बाजूला पाण्यात रोवलेल्या बांबूला वळसा घालायचा आणि परत यायचं. पाणी उभं असलं की हे काम निव्वळ ताकदीचं, आणि ताकदीत आम्ही त्यांना हरवणार नव्हतो. हे मला कळत होतं, सासूला कळत होतं, सगळ्यांना कळत होतं. 

पण त्या वर्षी सासऱ्यांनी अंधेरीहून एक मोठे साहेब पाहुणे म्हणून बोलावले होते. बारा वाजले, साहेबांचा पत्ता नाही. साडेबारा झाले. नारळ वाट बघतोय, बँडवाल्यांनी तीच दोन गाणी चारदा वाजवली. एका म्हाताऱ्यानं सासऱ्यांच्या कानाशी लागून सांगितलं, पाटील, पाणी थांबायचं नाय. पण पाहुण्याशिवाय नारळ दिला तर पाटलाची शोभा काय राहिली! शेवटी साहेब आले, हार झाला, आणि साहेब भाषणाला उभे राहिले. सागर, शौर्य, नवा भारत. काय बोलत होते देवाला माहीत.

आम्ही होडीपाशी गुडघाभर पाण्यात उभ्या होतो. सासू भाषण ऐकतच नव्हती, ती धक्क्याच्या खांबाकडे बघत होती. खांबावरची ओली रेघ हळूहळू उघडी पडायला लागली, आधी बोटभर, मग वीतभर. पुनवेची ओहोटी ती, एकदा निघाली की खाडीचं सगळं पाणी समुद्राकडे ओढत नेते.

मी म्हटलं, "आई, उशीर होतोय."

"होऊ दे," सासू पुटपुटली. "बोलू दे त्याला. देव त्याला आनखी शब्द देवो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, उतरत्या पाण्यात तर आम्ही नेहमीच वल्हवत आलो होतो.

साहेबांनी भाषण संपवलं तेव्हा खाडी जोरात उतरत होती. नारळ पडला तो क्षणात समुद्राकडे वाहत गेला. ढोल वाजला आणि पाचही होड्या सुटल्या. पुरुषांच्या चारही होड्या सरळ बांबूच्या दिशेनं. त्यांना ओहोटी कळत नव्हती असं नाही, कोळ्याच्या पोटची पोरं ती. पण अख्खं गाव बघत असताना निशाणाकडे पाठ कोण करणार? मर्दगड्यांनी जोर लावून पाणी तोडायचं, हीच त्यांची अक्कल.

सासूनं सुकाणू दाबलं आणि आमची होडी भलतीकडेच वळली. किनाऱ्याला धरून, चिखलाच्या कडेकडेनं, खाडीच्या वरच्या अंगाला, मालाडच्या दिशेनं. कडेला ओढ कमी असते, रोज पहाटे आम्ही असंच जायचो. पण धक्क्यावरच्या लोकांना काय? एकच हशा पिकला. "अरे, बायका कुठं चालल्या?" "मालाडला! बाजार आहे आज!" कुणीतरी शिट्टी मारली. माझे कान तापले. मागं वळून चांगलं खडसावावं असं वाटलं.

"खाली बघ नि वल्हव," सासू ओरडली. "तोंड घरी चालव."

आणि एक सांगू? त्या होडीत जाताना आम्ही रिकाम्या कधी बसलोच नव्हतो. रोज सात भरलेल्या पाट्या असायच्या. त्या दिवशी वल्हं पाण्यात घातलं की होडी नुसती पळायची. माझ्या शेजारची बाई, जी कधी हसायची नाही, ती खुदकन हसली. बऱ्याच वर गेल्यावर सासूनं हाक दिली, "आता!" आणि होडीचं तोंड फिरवलं. मग काय, ओहोटीच आम्हाला घेऊन निघाली. आम्ही आडवं वल्हवत होतो आणि पाणी आम्हाला बरोबर बांबूवर आणून सोडत होतं.

पुरुषांच्या होड्या? तीन तर बांबूच्या कितीतरी खाली, समुद्राच्या अंगाला वाहून गेल्या होत्या आणि आता प्रवाहाच्या तोंडावर छाती फुटेस्तोवर वल्हवत वर येत होत्या. केळीचे खांब आडवे, पताका पाण्यात. नुसती वाट लागली होती. आम्ही बांबूला वळसा घातला तेव्हा जवळ फक्त एकच होडी होती, खालच्या आळीची. माझा नवरा घामानं निथळत होता. दात काढणं कधीच बंद झालं होतं.

पण तो काही खुळा नव्हता. परतताना आम्ही वेसाव्याच्या कडेनं वर निघालो, तर खालची आळी मुकाट आमच्या मागं वळली. आता मात्र माझं धाबं दणाणलं. वाट तीच, आणि हात त्यांचे. आमच्या बरोबरीला आले. वल्ह्याला वल्हं लागेल इतके जवळ. नवरा माझ्याकडे बघेना, मीही त्याच्याकडे बघेना. श्वास पुरेनासा झाला होता, तळहातांना आग लागली होती. मनात एकच होतं, उद्या पहाटे मी कुठं बसणार?

ते आमच्या पुढे गेले. अर्धी होडी पुढे. आणि पुढे गेल्याबरोबर त्यांना धीर धरवेना. धक्का समोर दिसत होता, ढोल वाजत होते, लोक नावं घेऊन ओरडत होते. त्यांच्या सुकाणूवाल्यानं तोंड फिरवलं आणि होडी धक्क्याकडे सोडली.

आमच्यातल्या दोघी ओरडल्या, "आई, वळवा! वळवा!"

"गप," सासू म्हणाली. "अजून धा वल्ही."

दहा वल्ही! माझा जीव गेला होता. पण मारली. एक एक मोजून मारली. मग तिनं वळवलं. मधल्या ओढीत खालची आळी घसरत चालली होती. सहा गडी जीव खाऊन वल्हवत होते आणि धक्का त्यांच्यापासून वर वर सरकत होता. आम्ही वरून उतरलो, नेमक्या धक्क्याच्या पायऱ्यांवर. होडी दगडाला घासली तो आवाज! असा गोड आवाज मी पुन्हा ऐकला नाही. खालची आळी चार हात खालून, कडेकडेनं धडपडत लागली. आम्ही पहिल्या आलो होतो. पहिल्या!

मघाशी मालाडची थट्टा करणारेच आता पाण्यात उड्या टाकत होते. वाड्यातल्या बायकांनी आम्हाला होडीतून अक्षरशः उचललं. माझा नवरा कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता. मी त्याच्यासमोर जाऊन म्हटलं, "गिऱ्हाईक भेटलं बरं का वाटेत." तो हसला. मला तो तेव्हा फार आवडला.

आमच्याकडे जिंकलेल्या होडीचा नारळ वल्हवणाऱ्यांच्या हातात देत नाहीत, नाखव्याला देतात, म्हणजे होडीच्या मालकाला. पाटलानं उभं राहून त्याचं नाव पुकारायचं. ज्याचं नाव पुकारलं त्याची होडी, मग त्यावर कुणी वाद घालायचा नाही. सासरे नारळ घेऊन उभे राहिले. शेजारून पंच कुजबुजले, "गावकीचं नाव घ्या."  सासऱ्यांनी होडीकडे पाहिलं, मग भिजलेल्या लुगड्यानं उभ्या असलेल्या आमच्याकडे.

आणि त्यांनी सासूचं नाव घेतलं.

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नसे. तीस वर्षांच्या संसारात ते तिला 'अगो' म्हणत आले होते, गाव तिला तिच्या मुलाची आई म्हणून ओळखायचं, आणि मला, घरातल्या सुनेला, तिचं नाव त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. जिंकल्यावर मी रडले नव्हते, तेव्हा रडले. सासू लोकांतून वाट काढत पुढं गेली. वाटलं, नारळ घेईल, पाया पडेल. तिनं हात पुढं केलाच नाही.

"मोठ्यानं घ्या," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू नाय आलं."

सासऱ्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा घेतलं, अख्ख्या खाडीला ऐकू जाईल असं.