कांडीवालीचे ओठ

कबनूरच्या पारूबाईचं सुनेशी एक दिवसही पटलं नाही. संघप्रिया तिला आळशी वाटायची, तोंडाळ वाटायची. तीस वर्षं मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरलेली ही म्हातारी. गोड बोलणं तिला जमलंच नाही कधी.

संघप्रियाची आई तडकाफडकी गेली. जलदानविधी उरकून ती सासरी परतली आणि तिसऱ्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा लागेना. टाकीत कुणीतरी विष कालवलंय म्हणून पोटच्या पोरीलाही पाणी पिऊ देईना.

नवरा धम्मपाल तिला कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात घेऊन निघाला, पण पोटात पाप ठेवून. ती एसटीत पुढं बसलेली बघून सोबत आलेल्या आईला म्हणाला, "लग्नाआधीपास्नं येडी हाय म्हणायचं. कागदावर आलं की सोडचिठ्ठी सोपी. पोरगी आपल्याकडं ऱ्हाती." पारूबाईनं खिडकीकडं तोंड फिरवलं.

"झोप नाही, पाण्यात विष आहे म्हणते. हे कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आठ वर्सं झाली, लग्नाआधीपास्नं," धम्मपाल म्हणाला. "एकटीच ओठ हालवती, हातवारे करती. फसवलंय आमाला."

बाई लिहू लागल्या. आठ वर्षांचं दुखणं वेगळं आणि आठ दिवसांचं वेगळं. सुनेचं पुढचं आयुष्य त्या एका आकड्यावर ठरणार, हे पारूबाईला कुणी सांगायला नको होतं. तिचं डोकंच फिरलं.

"खोटं बोलतोय मुडदा! बाई, ही माझ्याच कारखान्यात कांड्या भरायची. मागाच्या खडखडाटात कायबी ऐकू येत न्हाय. आमी ओठानं आन् हातानंच बोलतो. ती सवय घरात बी सुटत न्हाय. मी बी तसंच करतो. मला बी येडी लिवा की!"

"आणि झोप? विषाचं?"

"आय मेल्यावरचं. आदी न्हवतं. भांडायची, पर शुद्धीत भांडायची."

बाईंनी लिहिलेलं खोडलं. ताप, डोक्याला मार, सगळं विचारलं, रक्त तपासायला सांगितलं. "धक्क्यानंतर कधीकधी असं अचानक होतं, आजी. औषधानं बहुतेक वेळा महिन्याभरात उतरतं. पण जवळ कुणीतरी हवं."

बाहेर आल्यावर धम्मपाल खेकसला, "तू माझी आय हायस का तिची?"

"तिची मेलीया न्हवं," पारूबाई म्हणाली, आणि सुनेचं मनगट धरून रक्त तपासायच्या रांगेत जाऊन उभी राहिली.